दाढेपासून झडपेपर्यंत

संध्याकाळी खारघरच्या एखाद्या मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं, की गालावर हात धरलेलं एखादं गिऱ्हाईक येतंच. ‘दाढ ठणकतेय, जरा चांगली गोळी द्या.’ काउंटरवरचा मुलगा कात्रीनं पट्ट्या कापतो. अमॉक्सिसिलिनच्या चार, मेट्रोनिडाझोलच्या चार, दुखणं थांबवणाऱ्या दोन. चिठ्ठी क्वचितच मागितली जाते, कारण मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. दोन दिवसांत ठणका ओसरतो. उरलेल्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात जातात. दाढ मात्र होती तशीच राहते.

याच खारघरमध्ये, एकमेकांपासून काही किलोमीटरच्या आत, तीन संस्था आहेत. येरळा मेडिकल ट्रस्टचं दंतमहाविद्यालय, जिथे विद्यार्थी दाढ काढायला आणि रूट कॅनाल करायला शिकतात. श्री सत्य साई संजीवनी हे २०१८ पासून चालणारं लहान मुलांच्या हृदयाचं रुग्णालय. तिथे उपचार मोफत असल्यामुळे बिल भरायची खिडकीच नाही. आणि टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक, जिथे रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांवर केमोथेरपी होते, अस्थिमज्जा प्रत्यारोपण होतं. दात, हृदय आणि रक्त. या तिन्ही इमारतींना जोडणारा एक रस्ता माणसाच्या शरीरातून जातो, आणि त्या रस्त्यावरून कोण चालतं हे मेडिकलच्या काउंटरवर कापलेल्या पट्टीवर बरंच अवलंबून असतं. माझ्या मते दाढेवरच्या गोळीचा विचार करताना आपण फक्त दाढेचाच विचार करतो, सगळी चूक तिथेच होते.

आपल्या तोंडात जीवाणूंच्या सातशेच्या आसपास प्रजाती सापडतात. सगळ्या एकाच तोंडात नसतात, पण प्रत्येकाच्या तोंडात शेकड्यानं असतात. त्यांत सर्वांत जुना आणि पक्का रहिवासी म्हणजे स्ट्रेप्टोकोकस. माळेतल्या मण्यांसारखा दिसणारा हा जीवाणू दातावर पहिला थर धरतो, मग त्यावर बाकीचे येऊन चिकटतात. सकाळी दातांवरून जीभ फिरवल्यावर जो बुळबुळीत थर लागतो, ती त्यांची वसाहत. ती साफ झाली नाही, की लाळेतलं कॅल्शियम तिच्यात बसतं आणि किटाण तयार होतं. किटाणाच्या कडेनं हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मधे एक खाच पडते. त्या खाचेची आतली बाजू म्हणजे जवळजवळ उघडी जखम. पलीकडे लगेच बारीक रक्तवाहिन्या.

दाढ काढताना डॉक्टर ती चिमट्यात धरून हलवतात. त्या हलण्यानं खाचेतले जीवाणू हातपंपानं दाबल्यासारखे रक्तवाहिन्यांत ढकलले जातात. हे पहिल्यांदा नीट मोजून दाखवलं ओकेल आणि इलियट या दोन इंग्रज संशोधकांनी, १९३५ साली. दात काढल्यानंतर लगेच त्यांनी १३८ जणांचं रक्त तपासलं, तर त्यातल्या ८४ जणांच्या रक्तात जीवाणू सापडले. नंतर २००८ साली अमेरिकेत पीटर लॉकहार्ट यांच्या गटानं २९० जणांवर जास्त काटेकोर प्रयोग केला. नुसता ब्रश केल्यावर २३ टक्के लोकांच्या रक्तात जीवाणू मिळाले. आधी अमॉक्सिसिलिन देऊन दात काढला तेव्हा ३३ टक्के. औषधाऐवजी नुसती साधी गोळी देऊन दात काढला तेव्हा ६० टक्के.

या आकड्यांशी जरा थांबायला हवं. दात आपण आयुष्यात पाच-सात वेळा काढतो, फार तर दहा. ब्रश रोज करतो, अन्न रोज चावतो. म्हणजे तोंडातले जीवाणू रक्तात उतरणं ही अपघाताची गोष्ट नाही, ती नित्याची आहे. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि यकृत त्यांना तासाभरात गिळून टाकतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. गाडी अडते ती दोन ठिकाणी: जिथे जीवाणूला बसायला जागा मिळते तिथे, आणि जिथे त्याला गिळणारंच कोणी नसतं तिथे.

बसायची जागा म्हणजे हृदयाची बिघडलेली झडप. निकोप झडप आतून गुळगुळीत असते. जन्मजात दोषामुळे किंवा लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे ती खडबडीत झाली असेल, किंवा तिच्या जागी कृत्रिम झडप बसवली असेल, तर रक्ताच्या माऱ्यानं तिथे प्लेटलेट आणि फायब्रिनचा बारीक गोळा साचतो. दातावर चिकटायचं कसब अंगी असलेल्या स्ट्रेप्टोकोकसला या गोळ्यावर चिकटणं अवघड नसतं. तो बसतो, वाढतो, आणि झडपेवर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गाठी धरतो. याला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. रुग्णाला आठवडेच्या आठवडे बारीक ताप येत राहतो, वजन उतरतं, दम लागतो. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायूही होऊ शकतो. ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव माहलर याच आजारानं १९११ साली गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या रक्ताचं कल्चर केलं तेव्हा त्यात स्ट्रेप्टोकोकस वाढला, आणि निदान ऐकताच काय होणार हे डॉक्टरांना कळून चुकलं, कारण तेव्हा या आजारातून जवळजवळ कोणीच वाचत नसे.

पेनिसिलिन आल्यावर हे चित्र पालटलं. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशातच पेनिसिलिन बनू लागलं. झडपेवर चार ते सहा आठवडे शिरेतून औषध चाललं, की बहुतेक रुग्ण घरी जाऊ लागले. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस तेव्हा पेनिसिलिनच्या अगदी थोड्या मात्रेनं मरत, म्हणूनच हे शक्य झालं. आज प्रश्न उभा राहतो तो या ‘थोड्या मात्रे’चा.

जीवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते आणि ती बांधणारी प्रथिनं म्हणजे त्याचे गवंडी. पेनिसिलिनचा रेणू विटेच्या एका टोकासारखा दिसतो. गवंडी तो हातात घेतो आणि त्याचा हात तिथेच चिकटून बसतो. भिंत अर्धवट राहते, पेशी फुटते. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसनं यावर काढलेली वाट अशी, की गवंड्याच्या हाताची ठेवणच थोडी बदलायची. खरी वीट उचलता येईल, खोटी चिकटणार नाही. हा बदल एका फटक्यात होत नाही, तुकड्या-तुकड्यानं होतो, आणि ते तुकडे शेजाऱ्याकडून उसने घेता येतात. तोंडात जीवाणू एकमेकांना खेटून राहतात, मेलेल्या पेशींचा डीएनए आसपास पडलेला असतो, आणि स्ट्रेप्टोकोकसच्या काही प्रजाती तो उचलून स्वतःच्या जनुकांत शिवून घेतात. न्यूमोनियाचा जीवाणू पेनिसिलिनला दाद देईनासा झाला, तेव्हा त्याच्या जनुकांत ठिगळं सापडली, आणि ती ठिगळं तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस मायटिसच्या कापडाची होती. खुद्द मायटिस एरवी कोणाला फारसा त्रास देत नाही. पण प्रतिकाराची पेढी तो चालवतो, आणि तिथून इतर उचल घेतात.

तोंडातले काही दुसरे जीवाणू, विशेषतः ऑक्सिजनविना जगणारे प्रिव्होटेला, यांची तऱ्हा वेगळी. ते पेनिसिलिन कापणारं एन्झाइमच बाहेर सोडतात. त्यांच्यासाठी मेट्रोनिडाझोल वापरतात. या औषधाचा हा गुण एका दातांच्या डॉक्टरमुळे कळला, ही गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेट्रोनिडाझोल आधी योनिमार्गातल्या ट्रायकोमोनास या परजीवीसाठी दिलं जाई. १९६२ साली डी. एल. एस. शिन या इंग्रज दंतवैद्यानं लिहिलं, की त्या संसर्गासाठी हे औषध घेणाऱ्या एका बाईच्या सडलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या हिरड्याही आपोआप बऱ्या झाल्या. तेवढ्या एका निरीक्षणातून ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंवरचं जगातलं एक मोठं औषध हाती आलं. आज तेच आपण दाढदुखीवर दोन दिवस घेऊन सोडून देतो.

आता गोळीनं नेमकं काय होतं ते. २००७ साली बेल्जियममध्ये २२४ निरोगी स्वयंसेवकांवर एक प्रयोग झाला. काहींना तीन दिवस अझिथ्रोमायसिन दिलं, काहींना सात दिवस क्लॅरिथ्रोमायसिन, काहींना साधी गोळी. मग त्यांच्या घशातले स्ट्रेप्टोकोकस पुन्हा पुन्हा तपासले. औषध घेतलेल्यांच्या तोंडात या औषधांना न जुमानणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसचं प्रमाण काही दिवसांतच पन्नास टक्क्यांच्या आसपास वाढलं. आणि १८० दिवस उलटल्यावरही ते पूर्ववत झालं नव्हतं. गोळ्या तीन दिवसांच्या, खूण सहा महिन्यांची. या माणसांना कसलाच आजार नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. त्यांच्या तोंडात जे घडलं, तेच सर्दी-खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिन घेणाऱ्या कोणाच्याही तोंडात घडतं. भारतातल्या २०१९ सालच्या खासगी औषधविक्रीची आकडेवारी अभ्यासकांनी तपासली, तेव्हा सर्वाधिक खपणारं अँटिबायोटिक निघालं अझिथ्रोमायसिन ५००. त्यानंतर कोविड आला, आणि त्या काळात ही गोळी घराघरांत पोहोचली.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे, आणि पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही. लहानपणी घसा आला, त्यावर नीट उपचार झाले नाहीत, मग सांधे सुजले, ताप आला, आणि झडप बिघडली, असे ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचे रुग्ण आपल्याकडे अजूनही खूप आहेत. अशा मुलांना पुन्हा घशाचा संसर्ग होऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते घ्यायलाच हवं, त्यानं जीव वाचतो. पण सतत पेनिसिलिनमध्ये राहणाऱ्या त्यांच्या तोंडात शेवटी पेनिसिलिनला न जुमानणारे स्ट्रेप्टोकोकसच टिकतात. म्हणून अशा रुग्णाला दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक द्यायची वेळ आली, तर अमॉक्सिसिलिन न देता दुसऱ्याच गटातलं, उदाहरणार्थ अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन, द्यावं असं हृदयतज्ज्ञ सांगतात. आणि नेमकं तेच अझिथ्रोमायसिन आपण सर्दीवर उधळून टाकलेलं असतं. इथे पळवाटा फार थोड्या उरतात.

दाताच्या कामाआधी खबरदारी म्हणून अँटिबायोटिक द्यावं, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं पहिल्यांदा १९५५ साली सांगितलं. सुरुवातीला हा मामला काही दिवसांचा होता. १९९७ साली तो एकाच डोसावर आला: प्रौढांना २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन. २००७ साली तर ज्यांना धोका सर्वांत जास्त अशा थोड्याच लोकांपुरता नियम ठेवला. कृत्रिम झडप असलेले, आधी एंडोकार्डायटिस होऊन गेलेले, हृदय प्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेले, आणि काही विशिष्ट जन्मजात दोष असलेले. या शेवटच्या गटात शस्त्रक्रिया न झालेली निळसर पडणारी मुलं येतात, तसंच दोषावर कृत्रिम ठिगळ लावलेली मुलं, शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा महिने. मुलांना मात्रा किलोमागे ५० मिलिग्रॅम, काम सुरू होण्याच्या अर्धा ते एक तास आधी, एकदाच. दुधाचा दात आपसूक पडला, एक्स-रे काढला, तारा घट्ट केल्या, तर काहीच लागत नाही. तोच डोस पुन्हा द्यायची वेळ आलीच, तर दोन भेटींत किमान दहा दिवसांचं अंतर ठेवतात, कारण लागोपाठ दिलेल्या डोसांनी तोंडात नेमके चिवट जीवाणूच शिल्लक राहतात. २०२१ साली याच संस्थेनं क्लिंडामायसिन या यादीतून काढून टाकलं, त्याच्या एका डोसानंही कधी कधी आतड्याचा गंभीर आजार होतो म्हणून.

इंग्लंडनं २००८ साली आणखी पुढचं पाऊल टाकलं आणि कोणालाच देऊ नका असं सांगितलं. नंतर तिथे एंडोकार्डायटिसचे रुग्ण वाढल्याचं २०१५ साली एका अभ्यासानं दाखवलं. वाढ त्या नियमामुळेच झाली असं सिद्ध झालं नाही, पण पुढच्या वर्षी इंग्लंडनं आपली भाषा जरा सैल केली. मला या वादात अमेरिकेची वाट बरी वाटते. ज्यांना खरंच लागतं त्यांच्यासाठी ते औषध धारदार ठेवायचं, आणि त्यासाठीच बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नाही.

आणि बाकीच्यांना ते खरोखर लागत नाही. दाढेच्या आत नस सुजून ठणका लागतो, तेव्हा त्या बंद पोकळीत रक्ताचा शिरकाव कमी कमी होत जातो आणि नस मेली की उरतच नाही. गोळी पोटातून रक्तात जाते. रक्त जिथे जात नाही तिथे गोळी कशी पोहोचणार? मुळाशी पू साचला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते. दाढ उघडणं, रूट कॅनाल करणं, नाहीतर दाढ काढणं, हाच इलाज. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ साली स्पष्ट लिहिलं, की प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या प्रौढाची दाढ दुखत असेल आणि दातांचा डॉक्टर लगेच मिळत असेल, तर अँटिबायोटिक देऊ नये. ताप आला, गाल किंवा मान सुजत चालली, तोंड उघडेना, गिळवेना, तर गोष्ट वेगळी. तेव्हा औषधही हवं आणि रुग्णालयही, तेही त्याच दिवशी. पण नुसत्या ठणक्याला नाही. दोन दिवसांत जो ठणका ओसरतो, तो बहुतेक वेळा सूज उतरवणाऱ्या गोळीमुळे, किंवा नस मेल्यामुळे. श्रेय अँटिबायोटिकला जातं, आणि पुढच्या वेळी तीच पट्टी मागितली जाते.

कायदा आहे. अमॉक्सिसिलिन चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मध्ये त्याहून कडक नियम आहेत, पण त्यात मुख्यतः वरच्या पायरीची औषधं आली. २०१६ साली पट्टीवरच्या लाल रेघेची मोहीम निघाली: रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घेऊ नका. रेघ अजून छापली जाते. ती कात्रीखाली रोज कापलीही जाते.

आता अ‍ॅक्ट्रेककडे वळतो. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. त्या कामाचा विभाग आता खारघरला आहे. प्रत्यारोपणाआधीच्या जोरदार केमोथेरपीत रुग्णाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. त्याच औषधांनी तोंडाचं अस्तर सोलून निघतं, पाणी पितानाही आग होते. म्हणजे दार सताड उघडं आणि पहारेकरी नाही. अशा रुग्णाच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकस मायटिस उतरला, तर एरवीचा हा निरुपद्रवी शेजारी रक्तदाब कोसळवतो, फुप्फुसं भरवतो. काही तासांत योग्य अँटिबायोटिक मिळालं तर रुग्ण वाचतो. म्हणून उपचार सुरू करण्याआधी रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवतात, किडलेले दात आधीच काढतात, किटाण साफ करतात. पण तोंडातल्या जीवाणूंना कोणत्या औषधाची सवय झाली आहे, हे दंतवैद्याच्या आरशात दिसत नाही. ते मागच्या काही वर्षांत कुठल्या कुठल्या काउंटरवर ठरून गेलेलं असतं.

आणि कधी कधी ते रुग्णाच्या स्वतःच्या गोळ्यांनीही ठरलेलं नसतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याचं तोंड जवळपास रिकामं असतं. दात येतात तसे दातावरचे स्ट्रेप्टोकोकस येतात, आणि ते बहुतांशी आईकडून येतात. भात गरम तर नाही ना, म्हणून चमचा आधी स्वतःच्या ओठांना लावून पाहणारी आई आपल्या तोंडातली वसाहत बाळाला देते. ती प्रेमानं देते, त्यात गैर काहीच नाही. पण त्या वसाहतीत तिच्या मागच्या वर्षीच्या दाढदुखीचा आणि खोकल्याचा हिशेबही येतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात हाच धोका सांगितला होता. एक कल्पित गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, कमी घेतो. त्याचे स्ट्रेप्टोकोकस मरत नाहीत, शहाणे होतात. मग त्याच्या बायकोला त्यांच्यामुळे न्यूमोनिया होतो, आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. औषध घेतलं एकानं, गेलं दुसरं. औषध दुकानांत पुरतं पोहोचायच्या आत त्याच्या जनकानं हे सांगून ठेवलं होतं.

हृदयाचं दुखणं असलेल्या मुलाच्या आईवडिलांनी यातून धरायचं ते असं. दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधीच हृदयाचे कागद दाखवायचे; आपल्या मुलाला आधी डोस लागतो की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. हिरड्यांतून रक्त येऊ द्यायचं नाही. लॉकहार्ट यांच्याच गटाला दिसलं, की ब्रश केल्यावर सगळीकडून रक्त येत असेल, तर जीवाणू रक्तात उतरण्याची शक्यता जवळजवळ आठपट होते. मऊ ब्रश, रात्रीचा ब्रश, सहा महिन्यांनी दातांची तपासणी. कुठल्याही गोळीपेक्षा हे झडपेच्या जास्त उपयोगी. आणि अशा मुलाला कारण न सापडणारा ताप आठवडाभर राहिला, तर रक्ताचं कल्चर होईपर्यंत एकही अँटिबायोटिक द्यायचं नाही, घरातलं तर नाहीच. दोन गोळ्या पोटात गेल्या, तरी झडपेवरचे जीवाणू मरत नाहीत, फक्त रक्ताच्या बाटलीत वाढेनासे होतात. मग कोणाशी लढायचं आहे हे न कळता डॉक्टरांना अंदाजानं सहा आठवडे काढावे लागतात.

रक्त वेळेत घेतलं असेल, तर ते वेगवेगळ्या वेळी तीनदा घेतात. बाटल्या उबवणीत ठेवतात. बहुधा एक-दोन दिवसांत यंत्र खूण करतं. मग थेंबभर रक्त लाल जेलीच्या थाळीवर पसरतात, आणि दुसऱ्या दिवशी बारीक ठिपक्यांभोवती हिरवट छटा उमटते. त्यावरूनच या जीवाणूंना लॅटिनमधल्या हिरव्या रंगाचं, व्हिरिडन्स हे नाव पडलं. आता तंत्रज्ञ त्यांचा पातळ थर नव्या थाळीवर देते आणि वर पेनिसिलिन लावलेली एक पट्टी ठेवते. एका टोकाला औषध दाट, दुसऱ्या टोकाकडे विरळ होत गेलेलं, कडेला आकडे छापलेले. रात्रभरात थाळी जीवाणूंनी भरते. पट्टीभोवती तेवढी बदामाच्या आकाराची मोकळी जागा राहते. त्या बदामाचं टोक पट्टीला जिथे टेकतं, तो आकडा वाचायचा. ०.१२ किंवा त्याखाली असेल, तर नुसतं पेनिसिलिन चार आठवडे. त्याच्या वर गेला, तर सोबत जेंटामायसिन, जे मूत्रपिंडांना आणि कानांना जड जातं. आणखी वर गेला, तर पेनिसिलिन सोडून द्यायचीही वेळ येते. ती थाळी दिव्याखाली धरते, आकडा वाचते, पुन्हा एकदा वाचते, आणि वॉर्डात फोन लावते.